डावा गुडघा आणि धावड्याचा बिजवर

माझा डावा गुडघा जालना जिल्ह्यापेक्षा वयानं मोठा आहे. थट्टा करून न्हाई राह्यले. मी त्याचं वाटोळं केलं तेव्हा आमचं परतूर परभणी जिल्ह्यात होतं, जालना जिल्हा अजून कागदावर पण उतरला नव्हता. नंतर जिल्हा झाला, हाफिसं झाली, रस्ते झाले, रस्त्यांना खड्डे पडले, ते बुजले, पुन्हा पडले. गुडघा होता तसाच. आता सत्तरीला टेकलेय, तर तपासणारा पोरगा डॉक्टर म्हणतो, आजी, वयोमानानं होतं असं. कशाचं वयोमान, मेल्या? सतरा वर्षांची होते मी.

सतरा वर्षांची, अंगानं काटक आणि तोंडानं फाटकी. मॅट्रिकला होते. अभ्यासात यथातथाच, पण खो-खोत मला शिवून दाखवणारी पोरगी तालुक्यात नव्हती. आमच्या खेळाच्या मास्तरांनी एकदा घरी येऊन बापाला सांगितलं, "हिला औरंगाबादला खेळाच्या कोर्सला घाला. जूनमध्ये निवड असते. पळायचं, उडी मारायची, वीस बैठका काढायच्या. घेतलं तर वर्षभरात मास्तरीण होऊन येईल." माझा बाप मोंढ्यात, म्हंजे धान्याच्या बाजारात, हमाल. त्यानं मास्तरांना बसायला धुतलेलं पोतं टाकलं, चहा पाजला आणि म्हणला, "जाईल की. पाय मजबूत हायेत तिचे, मंग काय अडचण?"

त्याच्यानंतर आठच दिवसांत पाय गेला. दिवाळी होऊन गेल्ती, तालुक्याचे सामने चालले होते. मैदान काळ्या रानातलं, जागोजाग भेगा पडलेल्या. मी खांबाला वळसा घ्यायला गेले, पाय एका भेगेत अडकला आणि बाकीची मी पुढं निघून गेले. आत कट् करून वाजलं. पोरी म्हणतात, पडताना मी शिवी दिली. कोणती ते आजपर्यंत एकीनं सांगितलं न्हाई, पण मास्तर महिनाभर माझ्याशी नजर मिळवत नव्हते.

संध्याकाळपर्यंत गुडघा टरबुजाएवढा झाला. मायनं हळद-चुना लावला आणि निकाल दिला, "लचक भरली. पायाळूकडं न्यावं लागंल."

पायाळू म्हंजे जो आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायाकडून बाहेर येतो तो. त्या पायी बाळंतिणीचा जीव जाता जाता राहतो आणि पोराला मात्र जन्मभराचा मान मिळतो. उसण भरली, लचक भरली की आमच्याकडं पायाळूची लाथ खायची असते. खायची म्हंजे मागून, हात जोडून खायची.

आता घरची अडचण अशी, की माझा बाप पक्का माणूस. धर्म बदलला त्या वर्षी त्यानं घरातले टाक, ताईत, अंगाऱ्याच्या पुड्या, सगळं गोळा करून दुधना नदीत सोडलं होतं. माय पण त्याच्या शेजारी उभी होती. पण तिनं सोडलं ते हातातलं. डोक्यातलं थोडं राहून गेल्तं. ती मला म्हणली, "बापाला बोलू नको. भावाच्या लेकराला बघायला चाललो म्हण." आणि एका शनिवारी, उपाशी पोटी, ती मला यष्टीत घालून आष्टीला घेऊन गेली. आष्टी तिचं माहेर. तिथं एक पायाळू म्हातारी होती, मोठ्या शेतीवाल्या घरची, पाटलीणबाई म्हणायचे तिला.

मायच्या लहानपणी त्या घरी आमच्या माणसांना ओंजळीत वरून पाणी वाढायचे. मी गेले तेव्हा तसं काही राह्यलं नव्हतं, निदान बोलून दाखवायचं राह्यलं नव्हतं. तरी म्हातारीनं ओसरीवरूनच हात केला, "तिथंच बसा, तिथंच. वर यायचं काम न्हाई." आम्ही खाली मातीत बसलो. मायनं नारळ ठेवला, तो म्हातारीच्या सुनेनं पाणी शिंपडून उचलला. मंग म्हातारी एक-एक पायरी उतरून आली, माझ्यासमोर उभी राह्यली आणि लुगडं जरासं वर घेऊन तिनं पाय उचलला.

मी मायच्या कानात म्हणलं, "हात लावायला विटाळ होतो, लाथ मारायला होत न्हाई का गं?" मायनं असा चिमटा काढला की गुडघ्याचं दुखणं दोन मिनिटं विसरले.

बरं, लाथ तरी धड मारावी! म्हातारीचे स्वतःचे गुडघे गेलेले. तिचा पाय वीतभर वर येईना. शेवटी खांबाला धरून ती मला म्हणाली, "पोरी, तूच जरा पाय वर उचलून धर, माझा तिथवर पोचंना." म्हंजे सुजलेला पाय मी दोन्ही हातांनी उचलून धरायचा आणि वरून लाथ खायची. अशा तीन खाल्ल्या. तिसरी बराबर वर्मी बसली. डोळ्यांपुढं काजवे चमकले, आणि माय म्हणली, "गुण आला बघ!"

पुढं पंधरा-वीस दिवसांत सूज उतरली. ती उतरायचीच होती, पण नाव झालं पाटलीणबाईचं. मी सरळ चालायला लागले, शाळेत जायला लागले, मायनं आष्टीला दुसरा नारळ पाठवला. गुडघा फक्त वळताना दगा द्यायचा. सरळ चाललं की गरीब गाय, जरा वळलं की आतलं हाड पुढं सरकायचं आणि पाय म्हणायचा, मी चाललो, तू बघ तुझं.

आणि एक दिवस हापश्यावर त्यानं ते सगळ्यांसमोर करून दाखवलं. डोक्यावर दोन घागरी होत्या. मागून कुणीतरी नंबरावरून बोललं, मी उत्तर द्यायला गर्रकन वळले. तोंड मागं गेलं, कंबर मागं गेली, गुडघा जागच्या जागी राह्यला. घागरी एकीकडं, मी एकीकडं, आणि नंबरातल्या तीन बाया माझ्या खाली. बिंग फुटलं ते वेगळंच. बाप धावत आला, मला उचललं, आणि तिथंच मायच्या तोंडून आष्टीची गोष्ट निघाली.

माझा बाप ओरडणारा न्हाई. तो खालच्या आवाजात बोलायचा, आणि ते जास्त लागायचं. तो मायला एवढंच म्हणला, "बावीस प्रतिज्ञा घेतल्या आपण. लाथ खायची तेविसावी कुणी घातली त्यात? तुझ्या भावानं का?" मायनं पदर तोंडाला लावला. मला हसू आलं, आणि हसताना गुडघा इतका दुखला की मी रडले.

दुसऱ्या दिवशी त्यानं मोंढ्यात खाडा केला. त्याच्या उजव्या गुडघ्याला नेहमी एक फडकं आवळलेलं असायचं, सगळे हमाल बांधतात तसं. ते त्यानं आणखी आवळलं, मला पोत्यासारखं पाठीवर घेतलं आणि टेसनावर नेलं. वाटेत ओळखीचे हमाल विचारायचे, "काय माल हाय?" बाप म्हणायचा, "घरचाच हाय. फुटका हाय थोडा." मी पाठीवरून त्याच्या टाळूवर टपली मारली.

औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात केसपेपर काढायला अर्धा दिवस गेला. हाडांचा डॉक्टर बारकासा, चष्मेवाला, जेवायच्या वेळेला आम्ही पुढ्यात आल्यामुळं चिडलेला. पण हात शहाणा होता त्याचा. मला टेबलावर झोपवलं, गुडघा वाकवून तळवा टेकवला, स्वतः माझ्या पंज्यावर हलकेच बसला आणि दोन्ही हातांनी नडगी धरून पुढं ओढली. ती आली की! टेबलाचा खण ओढावा तशी नडगी माझ्या मांडीखालून बोटभर पुढं आली. मला शिसारी आली. बाप वाकून बघत होता. डॉक्टरनं दुसरा पाय ओढून दाखवला, तो हलला पण न्हाई.

"हे बघा," डॉक्टर बापाला म्हणला, "हाड मोडलेलं नाही. गुडघ्यात दोन हाडांना बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या असतात. हिची बाजूची दोरी अर्धी फाटलीय, प्लास्टरमध्ये जुळून येईल. आतली मात्र तुटली. ती आपोआप जुळत नाही. ऑपरेशन आपल्याकडं होत नाही, मुंबईत कोणी करतात, पण खात्री तेही देत नाहीत. मांडीचा स्नायू दणकट केला तर तोच त्या दोरीचं काम करतो. तेवढं हिच्या हातात आहे."

मी विचारलं, "डॉक्टरसाहेब, जूनमध्ये माझी निवड हाय. पळायचं हाय."

"प्लास्टर काढल्यावर बघू. मेहनत केली तर होईल. नाही केली तर हा पाय जन्मभर तुला भर रस्त्यात पाडत राहील."

बापानं एकच गोष्ट विचारली. तो म्हणला, "साहेब, नुसत्या मांडीवर किती वर्षं निभतं माणसाचं?"

"नीट ठेवली तर जन्मभर."

"बराबर," बाप म्हणला, आणि डॉक्टरला हात जोडले.

मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घेऊन मी घरी आले, आणि माझ्या मागोमाग आत्या आली. आत्यानं एक स्थळ आणलं होतं. धावड्याचा बिजवर. धावडा म्हंजे पार भोकरदनच्याही पलीकडं, अजिंठ्याच्या डोंगराच्या अंगाला. दोन लेकरं, थोडीशी जमीन, पहिली बायको वारलेली. आत्या म्हणली, "पाय अधू असला तरी चालंल म्हणतेत ते. बसून भाकरी थापल्या तरी पुरे. असं स्थळ दिवा घेऊन हुडकलं तरी मिळायचं न्हाई." मी म्हणलं, "मंग दिवा विझव आन् तूच कर." आत्या रुसली. मायनं मला दटावलं. बाप तंबाखू मळत बसला.

आत्या गेल्यावर तो बोलला. "हे बघ बाई. सरळ हिशेब हाय. जूनपोवतर पाय झाला तर कोर्स. न्हाई झाला तर धावडा. लंगड्या पायानं मी तुला घरात किती दिवस ठेवू?"

मला वाटलं, चेष्टा करून राह्यला. त्याच्या तोंडाकडं बघितलं तर चेष्टेचं नाव न्हाई. त्या दिवसापासून माझ्या छातीवर तो धावड्याचा बिजवर बसला. मी त्याला कधी बघितला नव्हता, पण मला तो बराबर दिसायचा. जाड मिशा, कानात केस, भाकरीची वाट बघत बसलेला.

पुढचे सहा आठवडे कसे गेले ते चारचौघांत सांगायचं न्हाई असं माय म्हणायची. ती आता न्हाई, म्हणून सांगते. माणसाला प्लास्टरमध्ये उकिडवं बसता येत न्हाई. आणि आमच्या वस्तीत उकिडवं बसल्याबिगर सकाळ होत न्हाई. पहिले दोन दिवस मी काही खाल्लंच न्हाई. तिसऱ्या दिवशी मास्तरांना ही अडचण कशी कळली देव जाणे, पण ते सायकलच्या कॅरिअरला शाळेची एक जुनी खुर्ची बांधून आले. तिचा मधला वेत पार फाटलेला, भोक पडलेलं. लाजत लाजत म्हणले, "ही मोडीत निघालीय. हिच्यावर तीन हेडमास्तर बसून गेले. उपयोग झाला तर बघा."

झाला की उपयोग! परसात साडीचा आडोसा केला, खुर्ची मांडली, खाली राखेचं घमेलं. तीन हेडमास्तरांनी त्या खुर्चीवर बसून काय दिवे लावले मला ठाऊक न्हाई, माझं काम मात्र चोख झालं. शेजारणी आडोशापलीकडून विचारायच्या, "झाली का गं शाळा?" आणि मी आतून हजेरी द्यायचे. मायनं सहा आठवडे ते घमेलं उचललं. एकदा नाक मुरडलं न्हाई, एकदा बोलून दाखवलं न्हाई. आष्टीच्या लाथांचं मी तिला तिथंच माफ केलं.

शिमग्याच्या सुमाराला प्लास्टर कापलं, आणि आतून निघाला तो पाय माझा नव्हताच. शेवग्याची शेंग बरी. मांडी हाताच्या पंज्यात मावत होती. गुडघा सरळच्या सरळ, वाकायचं नाव न्हाई. मी बघून इतकी घाबरले की डॉक्टरनं पाणी पाजलं. तो म्हणला, "गरम पाण्याचा शेक दे आणि रोज थोडा थोडा वाकव. जबरदस्ती करू नकोस. मग पायाला वजन बांधून उचल. गुडघा सरळ होईपर्यंत उचलायचं, थांबायचं, सावकाश खाली. सकाळ, दुपार, संध्याकाळ. वजन हळूहळू वाढव."

वजन कुठून आणायचं हा प्रश्नच नव्हता, बाप मोंढ्यातला. शेर-पासऱ्या जाऊन किलो आले त्याला बरीच वर्षं झाली होती, जुनी लोखंडी वजनं एका आडतीच्या कोपऱ्यात गंजून पडली होती. बापानं ती मागून आणली. अच्छेर, शेर, दोनशेरी, आणि एक पाच शेरांची काळी ढब्बू पासरी. स्वतःची जाड चामड्याची वहाण माझ्या पायात घातली, तिच्या खाली अच्छेर ठेवला, मायच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं करकचून बांधला आणि मला त्याच खुर्चीवर बसवलं. भोकावर फळी टाकून.

"उचल."

अच्छेर म्हंजे किती? अर्धा शेर. लेकरू पण उचलंल. माझा पाय थरथरला, अर्ध्यात आला आणि खाली पडला. मला वाटलं, झालं, भाकरीचं पीठ मळायला घ्यावं.

"उचल," बाप म्हणला. "लाभ."

मोंढ्यात धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत न्हाईत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. दिवसभर तेच ऐकून बापाची जीभ तशीच वळलेली. मंग मी पण तसंच मोजायला लागले. लाभ म्हणताना जीव जायचा, दोनला परत यायचा. सकाळी बाप मोंढ्यात जायच्या आधी, दुपारी माय समोर बसून, संध्याकाळी बाप परत आल्यावर. पोती वाहून पाठ मोडलेला माणूस हातपाय न धुता माझ्यासमोर बसायचा आणि मापाड्याच्या सुरात मोजायचा. टाच किती मागं आली ते बघायला त्यानं जमिनीवर कोळशाची रेघ मारली. मायनं सारवण केलं की रेघ जायची, आणि दोघांचं जुंपायचं.

कधी कंटाळा केला की तो फक्त म्हणायचा, "न्हाई जमत? ठीक हाय. धावड्याला कळवतो." झालं. पाय आपोआप उचलायचा. अच्छेरचा शेर झाला, शेराची दोनशेरी झाली. चैत्र गेला तोवर मांडीला आकार आला. एकदा रात्री झोपेत पण मी मोजत होते म्हणे.

पण उठबस काही जमेना. वाकून खाली गेले की वर येताना आतलं हाड सरकायचं आणि मी बुडावर बसायचे. बैठका वीस काढायच्या होत्या, माझी एक होत नव्हती. मी रडकुंडीला आले. तेव्हा बाप समोर उकिडवा बसला आणि म्हणला, "तू गुडघ्यानं उठून राह्यली. गुडघ्यानं कुणी उठत असतं का, येडे? शंभर किलोचं पोतं घेऊन आम्ही उठतो, ते काय गुडघ्यानं? बघ. आधी पंजा जमिनीत रोव. मंग मांडी आवळ, दगड होईपोवतर. मंग श्वास धर. आन् मंगच उठ. गुडघ्याला कळू द्यायचं न्हाई की आपण उठून राह्यलो."

तो उठला. काही धरलं न्हाई, हात टेकला न्हाई. मी बघितलं, आणि तसंच केलं. पंजा, मांडी, श्वास. गुडघ्याला खरंच कळलं न्हाई.

जूनमध्ये मॅट्रिकचा निकाल लागला. काठावर पास झाले, त्याचं कौतुक कुणाला नव्हतं, मला तर नव्हतंच. निवडीला औरंगाबादला गेले. फॉर्मवर एक ओळ होती, पूर्वी काही दुखापत झाली आहे का? मी ठसठशीत अक्षरात "नाही" लिहिलं. धडधडीत खोटं. आता कुणाला चौकशी करायची असंल तर खुशाल करा, मी घरीच असते.

पळणं झालं. सरळ होतं, वळायचं नव्हतं, म्हणून तिसरी आले. उडी मारली ती उजव्या पायावर उतरले, कुणाला समजलं न्हाई. मंग बैठका. एक बाई परीक्षक होत्या, कडक इस्त्रीच्या. म्हणल्या, "मोठ्यानं मोजायचं."

मी सुरू केलं, "लाभ!"

रांगेतल्या पोरी फिदीफिदी हसल्या. बाई म्हणल्या, "हे काय? एकपासून मोज."

"बाई, आमच्याकडं एक इथूनच सुरू होतो," मी म्हणलं, आणि खाली गेले. दोन, तीन, चार. दहापर्यंत मजा वाटली. चौदाव्याला खाली गेले आणि खण सरकला. बराबर कळलं मला, आत नडगी बोटभर पुढं आली. अंगावरून घाम निथळला. बाकीच्या पोरी वर गेल्या, मी एकटीच खाली उकिडवी. बाईंनी माझ्याकडं बघितलं. डोळ्यांपुढं जाड मिशा आल्या, कानातले केस आले. मंग मी पंजा रोवला. मांडी आवळली, दगड झाली. श्वास धरला. आणि उठले. चौदा म्हणले तेव्हा आवाज फाटला, पण म्हणले. वीस पुऱ्या केल्या तेव्हा उभ्या उभ्या रडत होते, आणि बाई म्हणत होत्या, "अगं, रडतेस काय? घेतलंय तुला."

गाडीतून परतूरला उतरले ते टेसनापासून घरापर्यंत पळत गेले. दारातूनच ओरडले, "आबा! घेतलं मला! आता त्या धावड्याच्या बिजवराला कळवा, म्हणावं, दुसरी बघ!"

माय चुलीपुढं बसली होती. तिनं बापाकडं बघितलं, बापानं छपराकडं बघितलं, आणि माय अशी हसायला लागली की फुंकणी हातातून पडली. म्हणली, "अगं, त्याचं लगीन होऊन चार महिने झाले! तुझं प्लास्टर पण कापलं नव्हतं. तुझ्या बापानं तर आत्या आली त्याच्या दुसऱ्याच दिवशी न्हाई म्हणून कळवलं होतं."

म्हंजे सगळा उन्हाळा मी एका लगीन झालेल्या माणसाच्या भीतीनं वजनं उचलत होते! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी बापाला तोंडाला येईल ते बोलले. खोटारडे म्हणले, लबाड म्हणले. तो ऐकत राह्यला, आणि म्हणला, "धाक नसता तर उचलला असता का तू पाय?" मी दोन दिवस त्याच्याशी बोलले न्हाई. खरं म्हंजे मला त्याचा एवढा लळा लागून राह्यला होता त्या उन्हाळ्यात, की फसवल्याचा राग जास्त आला.

कोर्सला शरीराचा पण एक विषय होता. हाडं, सांधे, स्नायू. माझ्यासारख्या अर्धवटाला थोडंसं ज्ञान मिळालं की काय होतं, ते आमच्या वस्तीनं त्या दिवाळीच्या सुट्टीत बघितलं. मी सगळ्यांचे गुडघे तपासत सुटले. मायचा तपासला, घट्ट. शेजारणीचा तपासला, घट्ट. आत्या आल्ती, तिचा पण तपासला, तिला वाटलं मी माफी मागून राह्यले. मंग बापाकडं वळले.

"माझा काय बघती? हमालाचा गुडघा, त्यात काय बघायचं?" तो पाय आखडून घ्यायला लागला. मी हट्टाला पेटले. त्याच्या उजव्या गुडघ्याचं फडकं सोडलं. माझ्या आठवणीत पहिल्यांदा ते सुटलेलं बघितलं. पाय वाकवून तळवा टेकवला, डॉक्टरसारखी त्याच्या पंज्यावर बसले, नडगी धरली आणि ओढली.

ती आली. माझी बोटभर यायची. त्याची दोन बोटं आली.

मी पुन्हा ओढली, मला चुकल्यासारखं वाटलं म्हणून. पुन्हा आली. हा माणूस असल्या गुडघ्यावर रोज शंभर-शंभर किलोची पोती घेऊन ट्रकवर चढत होता. असल्याच गुडघ्यावर मला पाठीवर घेऊन टेसनापर्यंत गेल्ता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"ट्रकला लावलेल्या फळीवरून सरकलो एकदा. तू तुझ्या मायच्या पोटात होतीस." तो फडकं शोधून राह्यला. "मांडीवर निभतं. डॉक्टर म्हणला की, जन्मभर निभतं."

तेव्हा मला त्याचं ते दवाखान्यातलं विचारणं आठवलं. मला वाटलं होतं, माझ्यासाठी विचारतोय. मी अक्षरशः किंचाळले, "आबा, त्या दिवशी हाडांचा डॉक्टर तुमच्या पुढ्यात उभा होता! तुमी तुमचा पाय का न्हाई दाखवला?"

"कसा दाखवू?" तो म्हणला. "केसपेपर तुझ्या नावाचा होता."

मी त्याच्या पंज्यावरच बसून होते, तिथंच रडले. माय बाहेर आली, बघून आत गेली. थोड्या वेळानं मी उठले, कोपऱ्यातून त्याची वहाण आणली, अच्छेर काढला, लुगड्याची पट्टी शोधली. हेडमास्तरांची खुर्ची परसातून ओढत आणली, भोकावर फळी टाकली आणि बापाला तिच्यावर बसवलं. तो म्हणायला लागला, "आता या वयात काय..." मी गाठ करकचून मारली.

"उचला, आबा. न्हाई तर धावड्याला कळवीन."

तो हसला, इतका की खुर्ची करकरली. मंग त्यानं पाय उचलला. हसण्यानं पाय थरथरला, अर्ध्यात आला, आणि मी मापाड्याच्या सुरात म्हणलं, "लाभ."